आडनाव काय?

बहिणीचं नाव पोलीस भरतीच्या निवड यादीत लागलं, त्या रात्री आमच्या घरात पेढे मागाहून वाटले. आधी भांडण झालं. आणि भांडण झालं ते एका मालिकेवरून.

मी इचलकरंजीकडे एका सूतगिरणीत सायडर आहे. रिंगफ्रेमच्या दोन रांगांमधून आठ तास चालायचं, तुटलेला धागा जोडायचा, पुढं सरकायचं. शाळा दहावीनंतर सुटली. पुढं जे वाचलं ते रात्रपाळीनंतर, खोलीवर, मागून आणलेल्या पुस्तकांतून. कविता करतो. म्हणजे मशीनच्या आवाजात ओळी जुळवतो आणि पाळी सुटेपर्यंत निम्म्या विसरतो. दोन दिवसांची रजा टाकून, आंबा घाट उतरून जयगडला आलो तो बहिणीसाठी.

तिची तयारी मी पाहिली आहे. पहाटे काळोखात सड्यावर धावायची. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि चार किलोचा गोळा. मैदानी 50 गुण, लेखी 100. गोळा घ्यायला पैसे नव्हते तेव्हा जांभ्या दगडाचा तुकडा फेकून हात तयार केला. वाडीतल्याच काही शहाण्यांनी नावं ठेवली. तरी ती धावत राहिली.

जेवणं झाल्यावर तिनं मोबाइल डब्याला टेकवून उभा केला. 'दहाड' लावली. 2023 साली आलेली मालिका, आठ भागांची. तिनं ती आधी दोनदा पाहिलेली. राजस्थानातल्या मांडवा गावच्या ठाण्यातली एक तरुण उपनिरीक्षक, अंजली भाटी. दलित मुलगी. बापानं शहाणपण करून मेघवाल हे आडनाव बदलून भाटी लावलेलं. तरी ठाण्यातला एक शिपाई ती जवळून गेली की अगरबत्ती ओवाळतो. गरिबाघरच्या मुली एकेक बेपत्ता होतात आणि तक्रार कुणी मनावर घेत नाही. एका दलित मुलीचा भाऊ हेलपाटे घालून थकतो आणि शेवटी खोटं सांगतो, की माझी बहीण मुसलमानानं पळवली. तेव्हा कुठं ठाणं हलतं.

मोबाइल बंद झाला आणि बहीण म्हणाली, "दादा, मी आडनाव बदलते. कांबळेचं जयगडकर करते. ट्रेनिंगला जायच्या आधी राजपत्राचा अर्ज टाकते."

घर गप्प झालं. मग सगळे एकदम बोलायला लागले.

आये म्हणाली, "मी उडान बगलीय." 1989 साली दूरदर्शनवर 'उडान' लागायची तेव्हा आये परकर-पोलक्यातली पोर. वरच्या आळीत एका घरी टीव्ही. ह्या पोरी अंगणात उभ्या राहून खिडकीतून बघायच्या. घरावर अन्याय झाला म्हणून शिकून पोलीस अधिकारी होणारी कल्याणी सिंग. कविता चौधरी यांनी ती मालिका स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली, कल्याणीही त्याच झाल्या. गोष्ट त्यांच्या सख्ख्या बहिणीची, कांचन चौधरी भट्टाचार्य यांची. त्या 2004 साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. कविता चौधरी 2024 साली गेल्या, ते मी आयेला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नव्हती. आयेचं मत एवढंच : "पोरीच्या अंगावर वर्दी आली की कोण आडनाव बगत नाय. ता बदल नायतर नको बदलू. वर्दी सोडू नको."

मी म्हटलं, आये, कल्याणीला आडनाव कुणी विचारलंच नाही. बाई म्हणून तिला जे सोसावं लागलं ते सगळं खरं. पण सिंग म्हटल्यावर पुढचा प्रश्न थांबतो. आपल्याला तिथून सुरू होतो.

आजा कोपऱ्यात पडून ऐकत होता. आजा मुंबईचा गिरणी कामगार, परळचा. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यात तो एक. गिरणी गेली, खोली गेली, ट्रंक घेऊन जयगडला आला. तो उठून बसला. "ता सगला खोटा हाय. पोलीस आपला कदी झालाय?" मग त्यानं जानेवारी 1974 काढला. वरळीच्या बी. डी. डी. चाळी, पँथरची सभा, दगडफेक, लाठ्या. पाच दिवसांनी परळला मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेला. त्या चाळींत आपली माणसं राहत, तशी पोलिसांचीही बिऱ्हाडं होती. एकाच नळावर पाणी भरणारी. "नल एक व्हता. पन लाठी एकाच बाजूला व्हती," आजा म्हणाला.

ह्यावर काय बोलणार? मला 11 जुलै 1997 आठवला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, तरी आठवला. आपल्याकडे काही तारखा दुधाबरोबर मिळतात. घाटकोपरची रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून रस्त्यावर आलेल्या माणसांवर राज्य राखीव पोलीस दलाची गोळी. दहा मेले. अशा खात्यात आपली पोर जाणार आणि आपण पेढे आणणार?

पण दोस्तांनो, दुसरी बाजूही आपलीच आहे. 1928 साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात बाबासाहेबांनी सैन्यात, आरमारात आणि पोलिसात भरतीचा हक्क मागितला. पोलीस चांगले आहेत म्हणून मागितला नाही. ते कुणाचे आहेत हे माहीत होतं, म्हणून मागितला. गावात कायदा म्हणजे जो माणूस दंडुका घेऊन येतो तोच. तो माणूस कायम त्यांच्याच घरातला असेल तर आपला कायदा पुस्तकातच राहणार.

शेजारचा एक दोस्त आला होता. तीन वर्षं शिपाई आहे. त्याला मालिका पाहून हसू आलं. म्हणाला, "ह्यात बंदोबस्त कुठाय? शिमग्याला बंदोबस्त, गणपतीत बंदोबस्त, मंत्री आला बंदोबस्त. बारा-बारा तास उभं राहायचं, त्याची मालिका काढा म्हणावं." बहिणीनं त्याला सरळ विचारलं, "जात विचारतात का?" तो म्हणाला, "विचारत कोण नाय. पण सगळ्यांना ठाऊक असते." आणि मग, "बाय, तू अनुसूचित जातीच्या यादीतनं लागलीस. तुझा दाखला, पडताळणी, सगळं फायलीत आहे. पाटीवर जयगडकर लाव नायतर देशमुख लाव. फाईल कुठं लपवशील?"

त्याचंच अजून एक म्हणणं मला पटलं. तो म्हणाला, अशा मालिका बघून लोक म्हणतात, हाण त्याला, अजून हाण. पडद्यावरच्या पोलिसाचा राग सगळ्यांना आवडतो. ठाण्यात तो राग कुणाच्या पाठीवर उतरतो ते मी बघतो. मला 'अर्धसत्य' आठवला. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला, 1983चा. त्यातला तरुण फौजदार वेलणकर वरच्यांपुढे झुकून झुकून तुंबतो आणि कोठडीतल्या एका माणसाला मारून टाकतो. बघणाऱ्यांनी वेलणकरची तडफड लक्षात ठेवली. कोठडीतला तो माणूस किती जणांना आठवतो?

आता माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी 14 एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या एका पोराला मारहाण झाली. आम्ही चौघे एका ठाण्यात गेलो. कुठलं ते सोडा. टेबलामागच्या माणसानं पोराच्या डोक्यातलं रक्त बघितलं नाही. आधी विचारलं, "आडनाव काय?" आम्ही सांगितलं. तो म्हणाला, बसा. तीन तास बसलो. नंतर कुणीतरी समजावलं, गावात राहायचं आहे ना तुम्हाला, मिटवून टाका. आम्ही मिटवलं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, की दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घेणं हे त्यांचं काम आहे, उपकार नाही. 1989च्या ॲट्रॉसिटी कायद्याचं चौथं कलम कर्तव्यात मुद्दाम कुचराई करणाऱ्या सरकारी नोकरालाही शिक्षा सांगतं, आणि त्याच्या 1995च्या नियमांप्रमाणे तपास उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करत नाही. हे सगळं मी नंतर वाचलं, रात्रपाळी करून. त्या दिवशी त्या टेबलामागं आपली एक पोर बसलेली असती तर? तिनंही 'बसा'च म्हटलं असतं का?

हे मी बहिणीला त्या रात्री विचारलं. जरा चढ्या आवाजातच. म्हटलं, आडनाव लपवून बसशील तर उद्या आपलं कुणी समोर आलं की तुलाच घाम फुटेल. ओळख दाखवावी लागेल म्हणून तूच 'बसा' म्हणशील. त्या मालिकेतली अंजली तरी शेवटी काय करते? मेघवाल आडनाव परत घ्यायला निघते.

बहीण म्हणाली, "आठ भाग भाटी म्हणून लढली, मग परत घेतलं. मला आठ भाग तरी देशील का? अगरबत्तीवाला बरा रे दादा, दिसतो तरी. न लावता तोंड फिरवणाऱ्यांच्यात मला राहायचंय, झोपायचंय, जेवायचंय. तुला नाय."

मी मग जयबाचं काढलं. आपल्या गावात हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. आदिलशाहीच्या काळात खाडीच्या तोंडावर हा किल्ला बांधताना काम टिकेना, नरबळी पाहिजे म्हणाले, तेव्हा जयबा नावाचा महाराचा पोरगा उभा राहिला. त्याच्यावर किल्ला उभा राहिला आणि त्याच्या नावावरून जयगड. खुशीनं उभा राहिला असं सांगतात. सांगणारे कोण ते बघून घ्या. मी म्हटलं, तू जयगडकर लावून जात लपवणार? त्या नावाच्या पायातच आपला पोरगा पुरलाय.

ती हसली. पहिल्यांदाच हसली त्या रात्री. म्हणाली, "मग तर बरंच की. आणि दादा, तू कवितेखाली काय लिहितोस?"

मी गप्प. मी कवितेखाली नुसतं पहिलं नाव लिहितो. पुढं 'जयगड'. मला वाटायचं, कवीला शोभतं. खरं कारण तिनं एका वाक्यात काढून माझ्या हातात ठेवलं. एका मोठ्या मासिकाला पहिली कविता पाठवली तेव्हा मी आडनाव खोडलं होतं. ते कुणी खोडायला सांगितलं नव्हतं.

सकाळी मी एसटीत बसलो. बहीण सोडायला आली होती. अर्जाचं काय ठरवलंस, मी विचारलं नाही. तो निर्णय तिचा आहे. वर्दी तिच्या अंगावर येणार, पाटी तिच्या छातीवर लागणार. ती कांबळे म्हणून गेली तर आपण तिच्या मागं उभे राहू आणि जयगडकर म्हणून गेली तरी राहू. मला एवढंच पाहिजे, की रक्त वाहत असलेलं पोर समोर आलं तर तिनं पहिला प्रश्न जखमेचा विचारावा.

मालिका बघा. अगरबत्तीवर चर्चा करा, नटी कोण आणि आपली का नाही ह्यावरही करा. पण आपल्या वाडीतली जी पोरं-पोरी पहाटे सड्यावर धावतात, त्यांच्याशी आत्ताच बोला. भरतीची पुस्तकं त्यांना कुणीही देईल. चौथं कलम आपणच वाचून दाखवायला पाहिजे.

आणि संपादकांना एक विनंती केली आहे. ह्या लेखाखाली माझं पूर्ण नाव छापा. कांबळेसकट.