काम सुटल्यावरचे श्रोते

लंडनमध्ये 1810च्या सुमारास जॉन टेटम नावाचे गृहस्थ आपल्या राहत्या घरी रात्री आठ वाजता विज्ञानावर व्याख्याने देत. प्रवेशाला एक शिलिंग पडे. ऐकायला येणाऱ्यांत पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा एक तरुण होता, मायकेल फॅरडे. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना पुठ्ठे चढवायचे आणि काम सुटले की विजेविषयी ऐकायला धावायचे. शिलिंग त्याच्या खिशाला झेपणारे नव्हते. ते त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई, तोही लोहारकामाच्या कमाईतून.

टेटम यांचे नाव आज फारसे कुणी घेत नाही. घ्यायला हवे. ती व्याख्याने दिवसाउजेडी झाली असती, तर हा उमेदवार तिथे पोचलाच नसता.

1812 साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने तिकिटे दिली आणि फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली. टिपणे नीट उतरवून, बांधून त्याने ती डेव्हींना पाठवली. पुढच्याच वर्षी तो त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. बोलण्याची कला मात्र त्याला कष्टाने कमवावी लागली. त्याने उच्चारणाचे धडे घेतले. व्याख्यानाच्या वेळी त्याचा मित्र समोर बसे आणि वेग वाढला की ‘सावकाश’ असे लिहिलेले कार्ड दाखवी. ऐकणाऱ्याला एक तास पुरे, हे तर त्याने विशीतच मित्राला पत्रातून कळवले होते. आजच्या कितीतरी वक्त्यांनी ते पत्र वाचावे!

1825च्या आसपास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दोन प्रथा सुरू झाल्या: सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी शुक्रवार रात्रीचे व्याख्यान, आणि नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानमाला. नाताळची माला फॅरडेने एकूण 19 वेळा गुंफली. 1860च्या नाताळात त्याने विषय घेतला साध्या मेणबत्तीचा. वात, वितळलेले मेण, ज्योतीतली काजळी, जळताना तयार होणारे पाणी. प्रत्येक गोष्ट मुलांसमोर करून दाखवली. एव्हाना तो सत्तरीला टेकला होता. शुक्रवारच्या त्याच मंचावर 29 जानेवारी 1897 रोजी जगदीशचंद्र बोस विद्युत्किरणांच्या ध्रुवीकरणावर बोलले.

पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेने महिन्याचा दुसरा शनिवार असाच शाळकरी मुलांसाठी राखला. चंद्रशेखर सभागृहात शास्त्रज्ञ बोलतात, प्रयोग दाखवतात; तेच व्याख्यान इंग्रजीत होते, तसे मराठीत किंवा हिंदीतही. हा मराठी-हिंदीचा आग्रह फार मोलाचा आहे. रोज इंग्रजीत शोधनिबंध लिहिणाऱ्या माणसाला कृष्णविवर सहावीतल्या मुलीला मराठीत समजावायचे, तर आधी स्वतःची समज तपासावी लागते. आणि समोरचे पोर हजेरीसाठी आलेले नसते. कंटाळले की ते सरळ चुळबुळ करू लागते.

आयुकाचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांना व्याख्यानानंतर मुलांचा गराडा पडे. सगळ्यांच्या वह्या सहीसाठी पुढे सरकत. ते सही देत नसत. प्रश्न लिहून पोस्टकार्ड पाठवा, मी सहीनिशी उत्तर देईन, असे सांगत. म्हणजे व्याख्यान ऐकलेल्या मुलाने घरी जाऊन आधी स्वतःला पडलेला प्रश्न शोधायचा. आणि पोस्टकार्ड आले की उत्तर लिहायला नारळीकरांना आणखी थोडा मोकळा वेळ काढावा लागे. तो ते काढत.