तांबडा की पांढरा?

कोल्हापुरास गेल्यावर सहकुटुंब एखाद्या खानावळीत मटणाचे ताट घेणे हा आमच्या घराण्यात जवळजवळ दस्तुरच होऊन बसला आहे. आणि काल रात्री दोघे जुने स्नेही, वहिनी व मुले अशी मंडळी बाकांवर दाटीवाटीने बसली, तेव्हा ताटे येण्यापूर्वीच तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या श्रेष्ठत्वाचा वाद नेहमीप्रमाणे पेटला.

माझा कौल निःसंशय पांढऱ्यास आहे. तांबड्याच्या अंगी कांदा-लसूण चटणीचे तेज असते, त्याचा तवंग दुरूनच आपला अंमल जाहीर करतो. परंतु मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध आणि खसखस-काजूचे वाटण मिसळून, लाल तिखटाचा आश्रय न घेता, केवळ मिरी, लवंग, दालचिनीच्या बळावर जो रस्सा सिद्ध होतो, आणि आच किंचित वाढली तरी जो फुटतो, त्यास हात अधिक कसलेला लागतो, हे कोणत्याही निःपक्षपाती मुन्सफाने मान्य करावे. वाढपी मात्र उभय पक्षांच्या वाट्या समदृष्टीने भरीत होता. मटणाचे तुकडे मोजून, रस्सा अमर्याद, हा येथील उदार कायदा! मुलांनी तर वादात न पडता दोन्ही वाट्या रिकाम्या केल्या.

वाचकहो, कोल्हापुरास गेलात तर पांढरा प्रथम प्या, आणि गरम असतानाच प्या. तांबड्याने पोळलेल्या जिभेस त्याची चव कळत नाही.