अडकलेली तोफ



माझ्या नातवाने मागच्या वर्षी एक जुनी फोक्सवॅगन बीटल विकत घेतली. १९७० सालची, म्हणजे त्याच्या बापापेक्षाही वयाने मोठी. इथे या गाडीला सगळे 'हिपुशीत' म्हणतात. हिपुशीत म्हणजे भुंगेरा. ही गाडी जर्मनीत जन्मली आणि शेवटची २००३ साली मेक्सिकोत बनली. जगात दोन कोटींहून जास्त झाल्या, त्यातली ही एक कुणाच्या तरी अंगणात निलगिरीच्या झाडाखाली हँडब्रेक ओढून वर्षानुवर्षे उभी होती.

एका गुरुवारी दुपारी मी पडलो होतो, तर खालून ठण्‌ ठण्‌ आवाज. मी आयुष्यभर गॅरेजात काम केलं, आधी मुंबईला भायखळ्यात आणि १९६९ नंतर इथल्या मुसाखमध्ये. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. कोणीतरी ब्रेक-ड्रमवर हातोडा मारत होतं. मी तसाच चपला घालून खाली गेलो.

मुलांनो, ब्रेक-ड्रम म्हणजे काय ते आधी सांगतो. चाकाच्या आत एक ओतीव लोखंडाचं मोठं भांडं असतं. त्याच्या आत दोन अर्धगोल 'शू' असतात. आपण ब्रेक दाबला की हे शू बाहेर पसरतात, भांड्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. हिब्रूत या भांड्याला 'तोफ' म्हणतात, म्हणजे ढोल. आपल्या मराठीत तोफ म्हणजे काय, ते घरातल्या आजीला विचारा. पुढे कामाला येईल.

मी नातवाच्या हातातला हातोडा काढून घेतला. तो म्हणाला, "सबा, दोन तास झाले, हलतच नाही!"

मी त्याला माझी गोष्ट सांगितली. मी पंधरा वर्षांचा छोकरा होतो. एका गिऱ्हाईकाच्या फियाटचा ड्रम असाच अडकला होता. उस्ताद चहाला गेले होते. ते येईपर्यंत काम करून दाखवू म्हणून मी घण घेतला आणि ड्रमच्या कडेवर घातला. कडेचा टवका उडून माझ्या कानाजवळून गेला. ओतीव लोखंड दाब कितीही सोसतं, पण फटका सोसत नाही. उस्तादांनी मला मारलं नाही. एवढंच म्हणाले, "आतून कोणी धरलंय ते बघितलंस का?" ड्रमचे पैसे मात्र माझ्या पगारातून कापले.

मी नातवालाही तेच विचारलं. त्याने बघितलं नव्हतं. मग दोघांनी मिळून बघितलं.

पहिला धरणारा हँडब्रेक. तो सोडलेला दिसत होता, पण गंजलेली तार मागे सरकलीच नव्हती. तिला तेल देऊन मोकळी केली. दुसरे धरणारे ते शू. वर्षानुवर्षे घासून ड्रमच्या आत खाच पडते आणि कडेला काठ उरतो. शू त्या काठाला अडकतात. त्यासाठी शू आत घेणारी दातेरी चाकं असतात, ती भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून उलटी फिरवायची. भोक कुठल्या मॉडेलला ड्रममध्ये, कुठल्याला मागच्या पत्र्यात. तिसरा धरणारा गंज. बीटलचा मागचा ड्रम ॲक्सलच्या दात्यांवर बसतो, आणि तिथे पाणी गेलं की दोघं एक होऊन जातात.

दात्यांवर गंज सोडवायचं तेल टाकलं आणि मी म्हटलं, "आता उद्या." त्याचं तोंड उतरलं. "लेआत लेआत," मी म्हटलं. सावकाश.

आणखी एक चूक त्याने केली होती. मधला मोठा ३६ मिलिमीटरचा नट त्याने पूर्ण काढून ठेवला होता. मी तो परत चार आटे चढवायला लावला. "काढायचंय तर परत कशाला लावायचा?" मी म्हटलं, उद्या कळेल.

शुक्रवारी सकाळी पुलर आणला. तो चाकाच्याच बोल्टांनी ड्रमला आवळला. मधला स्क्रू ॲक्सलच्या टोकावर टेकवून घट्ट केला, स्क्रूच्या डोक्यावर एक टोला, आणखी पाव फेरा, पुन्हा थांबायचं. माझे हात आता थरथरतात, म्हणून पाना त्याच्या हातात आणि तोंड माझं. अर्धा तास असं चाललं. मग एकदम धडाम्‌! खरोखर तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. वरच्या शेजारीण बाई खिडकीत आल्या. ड्रम उसळला आणि त्या चार आट्यांवरच्या नटाने त्याला धरला. नट नसता तर ड्रम नातवाच्या मांडीवर आला असता. तो नटाकडे बघतच राहिला.

ड्रम काढला. आत काळी भुकटी साचली होती. नातवाने हवेच्या कॉम्प्रेसरची नळी उचलली.

"थांब! हात लावू नकोस!" मी मराठीतच ओरडलो. त्याला मराठी येत नाही, पण तो थांबला.

त्या काळच्या ब्रेक-शूच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून छातीत जातात आणि तिथेच राहतात. आजार वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. आमचे उस्ताद ती भुकटी तोंडाने फुंकायचे. मीही फुंकली, मग कॉम्प्रेसर आल्यावर हवेने उडवली. त्यात उभं राहून भाकरी खाल्ली. उस्ताद शेवटी फार खोकायचे. कशाने, ते मला ठाऊक नाही. पण मी माझ्या डॉक्टरला स्वतःहून सांगितलंय की माझ्या छातीत काय गेलंय, आणि तो माझी छाती नेमाने तपासतो.

घरात हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नातू काही बोलला नाही. नळी खाली ठेवली, मास्क आणून लावला, आणि मला दूर खुर्चीवर बसवलं. मग साबणाचं पाणी टाकून भुकटी भिजवली, ओल्या फडक्याने पुसली, फडकी पिशवीत बांधली. नवे शू बिन-ॲस्बेस्टॉसचे घातले, दोन्ही बाजूंना.

पुढच्या आठवड्यात त्याने मला फेरी मारून आणलं. प्रत्येक वळणावर ब्रेक त्याच्या पायाखाली आणि दाबत मी होतो.

वाचकहो, आपल्यातले कितीतरी जण गॅरेजात, कारखान्यात, रेल्वेच्या वर्कशॉपात राबले. डॉक्टरकडे जाल तेव्हा कुठली धूळ खाल्ली ते सांगा, तो विचारणार नाही. आणि मुलांनो, जुन्या गाडीला हात लावाल तर आधी आतून कोणी धरलंय ते बघा.

चूकभूल द्यावी घ्यावी.