तापट सोबतीण

बदलीच्या नोकरीत मोटार साधी असावी, हा संकेत. आम्ही मात्र जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस पाळली. 'पाळली' हाच शब्द योग्य. कारण कचेरीला नेणाऱ्या या वाहनाची मर्जी रोज राखावी लागते.

एंजिनाच्या टाकाऊ धुरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून एंजिनात कोंबते. आधी विलंब, मग एकाएकी झेप. जणू सरकारी बढतीच! दाबलेली हवा तापते, तापलेली विरळ होते. म्हणून तिला निववायला मोठा इंटरकूलर बसवला. तरी रायपूरचा पारा 45 अंशांकडे सरकला की अंगातले बळ ओसरतेच. शारदा चौकातून तात्यापाऱ्याकडे जाताना तर बैलगाडीही सुखाची वाटावी. मुक्कामी पोचल्यावर मिनिटभर एंजिन मंद चालू ठेवायचे, म्हणजे फिरत्या तेलाने चक्र निवते.

एंजिनाच्या संगणकात फेरफार करून बळ वाढवा, असे तरुण स्नेही सुचवतात. मोह होतो. परंतु 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांस मनाई करते. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. इतरांच्या अर्जांवर नियम दाखवणाऱ्याने आपल्या हौसेला सूट कशी द्यावी?

त्याच कायद्याप्रमाणे परराज्यात 12 महिन्यांहून अधिक राहणाऱ्या वाहनाला नवा क्रमांक घ्यावा लागतो. 'एमएच' पुसून 'सीजी' लिहिले, तेव्हा मन क्षणभर चुटपुटले. आम्हां बदलीच्या माणसांना मात्र कोणी नवा क्रमांक देत नाही. कितीही वर्षे लोटोत, आम्ही येथे पाहुणेच.