बद्द आवाज

बाबांनी बोटीच्या मागच्या भिंतीवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आपटली. कडेला टणटणीत आवाज. मधे, जिथं मोटर टांगतात तिथं, बद्द.

"आत कुजलंय," ते म्हणाले.

बाहेरून काहीच दिसत नव्हतं. १४ फुटी फायबरची बोट. दोन वर्षांपूर्वी, बोटिंगचा धंदा बंद केलेल्या एका माणसाकडून मी बोनसच्या पैशांत घेतली होती. लहानपणी गंगापूर धरणाच्या काठावर बसून बघितलेलं स्वप्न वगैरे. तेव्हापासून ती ओझरच्या आमच्या घरामागे, टायरांवर, ताडपत्रीखाली पडून होती.

एप्रिलमध्ये मी पुण्याहून घरी आले. सांगितलं, वर्क फ्रॉम होम आहे. खरं तर नोकरी गेली होती. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, बस. मी रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसायचे आणि अकरा वाजता 'मीटिंग संपली' म्हणून मागे जायचे.

फायबरच्या बोटीत लाकूड कुठून आलं, असं मलाही वाटलं होतं. ती मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड घालून करतात. कुणीतरी कधीतरी तिथं एक भोक पाडलं आणि ते नीट बुजवलं नाही. पाणी आत जात राहिलं. वरचा थर कापला तर आतून चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलं काहीतरी हातात आलं.

बाबा एचएएलमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. ओझरचा तो कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला. बाबांनी पुढे सुखोईवरही काम केलं. 'चालतंय की' हे दोन शब्द त्यांना चालत नाहीत. नवा ट्रान्सम बसवल्यावर मागचा डेक करायला घेतला, तेव्हा मी मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होते आणि ते पुठ्ठा कापत होते. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग लाकूड.

वखारीतून सागवानाच्या पट्ट्या आणल्या, वर १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचा. सागवान तेलकट असतं, थिनरनं पुसल्याशिवाय त्यावर इपॉक्सी धरत नाही. पहिल्या दिवशी मी मगभर इपॉक्सी एकदम कालवलं. मे महिन्याचं ऊन. पाच मिनिटांत मग हाताला चटके देऊ लागला, त्यातून धूर निघाला आणि आतला माल दगड झाला. त्यानंतर थोडं थोडं, पसरट ट्रेमध्ये.

स्क्रूचं प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीनं भरायचं, वाळलं की त्यातच पुन्हा बारीक भोक पाडायचं. म्हणजे स्क्रूच्या वाटेनं पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. अशी ४८ भोकं. एकोणिसाव्या भोकाला मी म्हणाले, "बाबा, हे आतल्या बाजूला आहे. कुणाला दिसणारे?"

ते पट्टी धरून बसले होते. वर न बघता म्हणाले, "आधीच्यानंही हेच म्हटलं असणार."

मी ड्रिल खाली ठेवलं. म्हणाले, "बाबा, माझी नोकरी गेलीये. दीड महिना झाला."

पट्टीवरचा त्यांचा हात तसाच राहिला. बऱ्याच वेळानं विचारलं, "फ्लॅटचा हप्ता?"

"दोन महिन्यांचे पैसे आहेत."

"आईला आज सांग. मी नाही सांगणार." मग पट्टी पुन्हा घट्ट धरली. "वीस."

रात्री आईला सांगितलं. ती रडली, माझ्यावर चिडली, आणि तिला जास्त राग नोकरीचा नव्हता, दीड महिन्याचा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डेक बसला. पाणी मागे वाहून जावं म्हणून थोडा उतार दिलाय. खाली पेट्रोलची वाफ साचू नये म्हणून हवेला वाट आणि उघडणारं झाकण आहे. बाबांनी पाणसळ लावून बघितली, मग बादलीभर पाणी ओतलं. सगळं पाणी मागच्या भोकातून गेलं. फक्त उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढं थारोळं राहिलं.

मोटर अजून आणायचीय, परवानग्या बाकी आहेत, आणि मला अजून नोकरी लागलेली नाही. बाबा त्या थारोळ्याकडे बघत उभे होते.

"उद्या काढू," ते म्हणाले. "सकाळी ये. मीटिंग नाहीये ना?"