भिंतीला कान

भिंतीलाहि कान असतात, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. वाक्यांत उपयोग करून दाखवा म्हणून ती फळ्यावरहि कितीदां तरी लिहिली. परंतु ती अक्षरशः खरी होईल, आणि तीहि आमच्याच झोंपण्याच्या खोलींत, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. प्रसंग सन २०२० च्या पावसाळ्यांतला. करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद होत्या. आम्ही पुण्यांत ज्या सोसायटींत राहतों, तेथील सभासदांनीं एका सभेंत (सभा कसली, तोंडाला फडकें बांधून जिन्याखालीं दूरदूर उभे राहिलेले सात-आठ गृहस्थ!) फाटकावरील व्यवस्थेचें काम आमच्यावर सोंपविलें. शिस्तीचें काम शिक्षकाला द्यावें, हें लोकांस साहजिक वाटतें. आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तें आवडलें. नियम असा ठरला कीं, बाहेरून येणाऱ्यानें आपल्या मोबाइलवरील 'आरोग्य सेतु' उघडून दाखवावा. रंग हिरवा असेल तरच आंत सोडावें.

हें केंद्र सरकारचें ॲप २ एप्रिल २०२० रोजीं निघालें आणि अवघ्या तेरा दिवसांत पांच कोटि लोकांनीं तें आपल्या मोबाइलमध्यें घेतलें. त्याची योजना मोठी चतुर होती. प्रथम नांव, मोबाइलचा क्रमांक, वय, लिंग, व्यवसाय इत्यादि माहिती द्यावयाची आणि ब्लुटूथ सदैव चालू ठेवावयाचें. मग दोन माणसें जवळ आलीं कीं त्यांचे फोन, माणसांच्या नकळत, एकमेकांस आपापली खूण सांगत व ती जपून ठेवीत. शिवाय दर पंधरा मिनिटांनीं आपण कोठें आहों याचीहि नोंद फोनमध्यें होई. पुढें एखाद्यास रोग झाल्याचें तपासणींत ठरलें, म्हणजे त्याच्या फोनमधील नोंदी सरकारी संगणकाकडे जात, आणि त्याच्या जवळ येऊन गेलेल्यांस सूचना मिळे. भाजीच्या रांगेंत शेजारीं उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला एरवीं कोण शोधून काढणार? आम्हांस ही योजना पटली होती.

आमच्या मजल्यावर तीन घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या मावशी जून महिन्यांत प्रथमच परत कामावर आल्या. त्यांचा फोन साधा, बटणांचा. तशा फोनांसाठीं सरकारनें १९२१ या क्रमांकाची सोय केली होती; पण तिचा हिरवा रंग कांहीं फाटकावर दाखवितां येत नसे. तेव्हां आम्हीं चार माणसांदेखत त्यांनाच प्रश्न विचारले आणि उत्तरें फाटकावरील वहींत लिहून घेतलीं. घरीं माणसें किती? खोकला, ताप कोणास आहे काय? यजमान कामाला कोठें जातात? मावशींनीं पदर सांवरीत एकेक उत्तर दिलें; शेवटच्या प्रश्नाला मात्र जरा थांबून, "ते आमच्यांत नसत्यात, सर," एवढेंच म्हणाल्या. दहा वर्षें त्या आमच्या घरीं येत होत्या. ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, आणि रखवालदारास ती ठाऊक होण्याचें तर कांहींच कारण नव्हतें. इतकें विचारून, लिहून घेऊन, आम्हीं त्यांना परतच पाठविलें.

यानंतर तीनएक आठवड्यांनीं आमच्या लगतच्या घरांतील गृहस्थांस रोग झाला व त्यांना रुग्णालयांत नेलें. त्यांची आमची समोरासमोर गांठ कित्येक दिवसांत पडली नव्हती. परंतु त्यांचा पलंग आणि आमची खाट यांमध्यें एकच भिंत. आणि ब्लुटूथच्या लहरींना भिंतीची पर्वा नसते. दोघांचे फोन रात्ररात्र उशाशीं पडून एकमेकांशीं बोलत होते म्हणावयाचे! दुसऱ्या दिवशीं दूध आणावयास खालीं उतरलों, तों रखवालदारानें नियमाप्रमाणें फोन मागितला. रंग केशरी. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर आमच्या घराचा क्रमांक झळकला. रात्रीपर्यंत "सरांना झालाय" ही वार्ता पलीकडच्या इमारतींत पोंचली. आमच्या आईला वीस वर्षांपासून दमा आहे. जिन्यांत कोणाची चाहूल लागली कीं खोकला बाहेर ऐकूं जाऊं नये म्हणून ती माउली त्या रात्रीं तोंडांत पदराचा बोळा धरून बसली होती. तपासणींत आम्हां सर्वांस कांहीं नाहीं असें निघालें. पण तें कळेपर्यंतचे तीन दिवस आम्ही विसरूं शकत नाहीं.

त्या तीन दिवसांत आम्हांस आमच्या पणजीची एक गोष्ट वारंवार आठवे. आजीनें ती आम्हांस सांगितली होती. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेग ओळखला. पुढील फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मार्च १८९७ पासून पुण्यांत गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या सुरू झाल्या. सोजीर स्वयंपाकघरांत, देवघरांत शिरत. पणजीच्या धाकट्या दिराला ताप होता. सोजीर गल्लींत आलेले कळतांच त्याला घरच्यांनीं धान्याच्या कणगीआड बसविला. सोजीर रिकाम्या हातीं गेले. ताप मात्र घरांतच राहिला, आणि पंधरवड्यांत त्या घरांतून तीन माणसें गेलीं. रँडसाहेबांवर २२ जून १८९७ रोजीं गोळी झाडली गेली, तो इतिहास विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. परंतु त्याच सालीं, १० मार्च रोजीं, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेविला, हेंहि सांगितलें पाहिजे. दाराशीं कोण उभें आहे, यावर घरांतला ताप लपतो किंवा बाहेर येतो.

१८९७ च्या त्याच कायद्याचा आधार महाराष्ट्र सरकारनें मार्च २०२० मध्यें घेतला. म्हणून दोन्ही काळ सारखे, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं; बंदूक घेऊन आमच्या स्वयंपाकघरांत कोणी आला नाहीं. फोन मात्र तेथें आधींच होता.

आमच्या शाळेंत आजारी मुलाचे पालक वर्गशिक्षकांस चिठ्ठी पाठवितात. तींत कधीं कधीं घरांतील अगदी खासगी गोष्ट असते. ती चिठ्ठी गुरुजी वाचतात, रजा मांडतात आणि खिशांत घालतात. वर्गांत मोठ्यानें वाचून दाखवीत नाहींत, आणि पुढील वर्षीं त्या मुलाच्या खोडीचा न्याय करतांना ती बाहेर काढीत नाहींत. पालक निःशंकपणें लिहितात तें याच भरंवशावर.

'आरोग्य सेतु'ला अशा चिठ्ठीचे नियम होते काय? कांहीं होते. फोनमधील नोंदी तीस दिवसांनीं पुसल्या जाव्यात असें त्याच्या धोरणांत होतें. ११ मे २०२० रोजीं सरकारनें आणखी नियम काढून ही माहिती साधारणतः १८० दिवसांपलीकडे ठेवूं नये असें ठरविलें, आणि २६ मे रोजीं ॲपची मूळ रचना तज्ज्ञांना तपासण्यासाठीं खुली केली. परंतु त्यासाठीं संसदेनें केलेला असा वेगळा कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमतानें निर्णय दिला होता; तरी १ मे २०२० च्या आदेशानें सर्व सरकारी व खासगी नोकरांवर हें ॲप सक्तीचें झालें. न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांनीं अशा सक्तीला कायद्याचा आधार नाहीं असें उघड सांगितलें. १७ मे रोजीं भाषा मवाळ होऊन शक्य तितका प्रयत्न करावा एवढेंच राहिलें. आमच्या फाटकावर मात्र ही मवाळ भाषा पोंचली नाहीं. आम्हीं ती पोंचूं दिली नाहीं म्हणणें अधिक खरें. आणि हें ॲप केलें कोणीं, अशी माहितीच्या अधिकारांत विचारणा झाली, तेव्हां संबंधित सरकारी संस्थेनें ती माहितीच आपल्यापाशीं नाहीं असें कळविलें! केंद्रीय माहिती आयोगानें ऑक्टोबरांत तिला नोटीस काढली. मग सरकारनें खुलासा केला. निनांवी उत्तरपत्रिका आम्ही कधीं तपासली नाहीं.

माहिती एका कामासाठीं घेऊन दुसऱ्याला वापरली जाते, ही भीति पोकळ नव्हे. सिंगापूरच्या तशाच ॲपविषयीं तेथील सरकारनें, माहिती केवळ सांथीसाठीं वापरूं, असें सांगितलें होतें. जानेवारी २०२१ मध्यें तेथील संसदेंत उघड झालें कीं, गुन्ह्यांच्या तपासासाठीं पोलिसांनाहि ती मागतां येते. लोक रागावले; पुढच्याच महिन्यांत कायदा करून तो उपयोग सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता बांधून टाकावा लागला.

आपल्याकडील ॲपचा संपर्क शोधण्याचा भाग बंद केला असून त्याची जमलेली माहिती पुसून टाकली आहे, असें सरकारनें २०२३ सालीं संसदेंत सांगितलें. त्याच वर्षीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाहि झाला.

मावशी त्या वर्षीं गणपतीनंतर पुन्हा कामावर येऊं लागल्या. आम्हीं त्यांची क्षमा मागितली. भांडीं विसळतां विसळतां त्या म्हणाल्या, "ते जाऊं द्या, सर. पर त्या वहींत माझ्या घरचं लिवून ठिवलंय, ते अजून हाय का?"

आम्ही खालीं गेलों. वही रखवालदाराच्या टेबलावर उघडीच पडली होती. येणाराजाणारा आपलें नांव लिहितांना मागचीं पानें सहज चाळीत असे. जून महिन्याचें तें पान आम्हीं फाडून आणलें व मावशींच्या हातीं दिलें. त्यांना अक्षरओळख नाहीं. तरी ओले हात पदराला पुसून त्यांनीं तें दोन्ही बाजूंनीं उलटून पाहिलें, त्याची बारीक घडी केली आणि कनवटीला लावली.