तीन नवी नगरे

एका वर्गात एकाच नावाची तीन मुले असली, म्हणजे हजेरी घेताना शिक्षकांची मोठी पंचाईत होते. मग कुणाला ‘थोरला’, कुणाला ‘धाकटा’ अशी विशेषणे लावावी लागतात. गावांचेही तसेच आहे. महाराष्ट्रात वडगावे पुष्कळ. म्हणून एखादे वडगाव बुद्रुक, म्हणजे मोठे, तर दुसरे खुर्द, म्हणजे लहान. परंतु तीन निरनिराळ्या खंडांवर एकच नाव धारण करून बसलेली तीन नगरे पाहावयाची असतील, तर प्रवाशाने आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यापासून निघावे.

तेथे, ट्युनिशिया देशात, भूमध्य समुद्राच्या तीरावर कार्थेजचे अवशेष आहेत. आजच्या लेबनॉनमधील टायर नगरातून आलेल्या फिनिशियन दर्यावर्दींनी, परंपरेनुसार इ. स. पूर्व ८१४ मध्ये, हे नगर वसविले. त्यांची राणी डायडो हिच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. भावाच्या क्रौर्यामुळे तिला मायदेश सोडावा लागला. परक्या भूमीवर उतरल्यावर तिने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जागा तेथील लोकांकडे मागितली. एवढ्याशा मागणीस कोण नाही म्हणेल? डायडोने त्या कातड्याच्या अगदी बारीक पट्ट्या कापल्या, एकीपुढे एक अशा त्या मांडल्या आणि एक अख्खी टेकडीच वेढून टाकली! तेथे उभ्या राहिलेल्या वस्तीला त्या लोकांनी ‘कार्त हदश्त’ असे नाव दिले. त्याचा अर्थ एवढाच, की नवे नगर. ज्यांचे जुने घर कायमचे सुटले, त्यांच्या ओठांवर याहून दुसरे कोणते नाव येणार?

कार्थेजची भरभराट झाली. त्याच्या हास्द्रुबाल नावाच्या सेनापतीने इ. स. पूर्व २२७ च्या सुमारास स्पेनच्या किनाऱ्यावर, डोंगरांच्या कुशीत, एक सुरक्षित बंदर हेरले आणि तेथील नगरालाही तेच नाव दिले. याच नगरातून इ. स. पूर्व २१८ मध्ये हानिबाल हत्तींसह इटलीच्या मोहिमेवर निघाला. पुढे नऊ वर्षांनी रोमनांनी ते जिंकले. एकाच नावाच्या दोन नगरांचा घोटाळा होऊ नये, म्हणून ते या नगराला ‘कार्थागो नोव्हा’, म्हणजे ‘नवे कार्थेज’ म्हणत. मौज अशी, की या नावाचा शब्दशः अर्थ ‘नवे नवे नगर’ असा होतो! काळाच्या ओघात त्याचेच ‘कार्ताहेना’ झाले. घरांखाली शतकानुशतके दडलेले तेथील रोमन नाट्यगृह १९८८ मध्ये प्रकाशात आले.

मूळ कार्थेजचे दैव मात्र फिरले. तीन वर्षांच्या वेढ्यानंतर, इ. स. पूर्व १४६ मध्ये, रोमनांनी ते जाळले आणि जिवंत उरलेल्यांना गुलाम म्हणून विकले. परंतु पुढे त्याच रोमनांनी त्याच जागी पुन्हा नगर वसविले, तेव्हा नाव ठेवले तेच. नगर जळाले, नाव जळाले नाही.

तेच नाव पुढे अटलांटिक महासागर ओलांडून गेले. दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबिया देशात, पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने १५३३ मध्ये ‘कार्ताहेना दे इंडियास’ वसविले. कोलंबसाने नव्या खंडाला इंडीज, म्हणजे हिंदुस्थानाकडचा प्रदेश, समजण्याची चूक केली होती. ती या नावात अजून टिकून आहे. वडगावाच्या ‘बुद्रुक’सारखेच हे शेपूट!

पण हे नगर खरोखर नवे होते काय? त्या जागी मूळ रहिवाशांचे कालामारी नावाचे गाव आधीच नांदत होते. डायडोने युक्तीने का होईना, जागा मागून घेतली होती. येथे कुणी मागितलीही नाही. नव्या नावाखाली जुने नाव झाकले गेले. नगराभोवती भक्कम तट उभे राहिले, आणि त्याच बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे साखळदंडांत उतरविली जाऊ लागली. १६१० मध्ये तेथे आलेला पेद्रो क्लाव्हेर हा धर्मोपदेशक जहाज लागताच पाणी, अन्न व औषधे घेऊन त्यांच्याकडे धावत असे. तो स्वतःला ‘गुलामांचा गुलाम’ म्हणवीत असे. १६५४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्याच नगरात राहिला.

मात्र सर्वच गुलाम दयेची वाट पाहत बसले नाहीत. काहींनी बेड्या तोडून रानात आश्रय घेतला आणि लाकडी कुंपणांच्या आड आपल्या वस्त्या उभारल्या. कार्ताहेनापासून सुमारे ५० किलोमीटरांवर असलेले सान बासिलिओ दे पालेंके हे गाव त्यांपैकीच एक. स्पॅनिश व आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून घडलेली त्यांची स्वतंत्र बोली तेथे अजूनही ऐकू येते.

तीन नगरे पाहून झाल्यावर प्रवाशाने या चौथ्या गावीही अवश्य जावे. त्याचे नाव कार्थेज नाही, कार्ताहेनाही नाही. परंतु घर गमावलेल्या माणसांनी परक्या भूमीवर पुन्हा चूल पेटवावी आणि मान ताठ ठेवून जगावे, हाच जर ‘नवे नगर’ या शब्दांचा मूळ अर्थ असेल, तर डायडोने आपल्या वस्तीला दिलेले नाव या लहानशा गावालाच अधिक शोभून दिसते.